पाकळी उजवी पडली

कीर्तनात बुवा राक्षस रंगवू लागले की पद्मावतीला देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष गुरुदास हटकून आठवे. राक्षसांच्या गाठीला निदान तपश्चर्या तरी असायची.

पेडण्याच्या त्या देवळातल्या भजनी सप्ताहात पखवाज तिच्या मुलाचा, गौरेशचा. यंदा ऐन तोंडावर तो तापाने फणफणला. गेल्या वर्षीसारखाच डेंगी. आज सप्ताह बसायचा, आणि सकाळीच ताप उतरला. गुरुदास दारात हजर. देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली तर कौल होकाराचा, ही तिथली रीत.

"देवाक प्रसाद लावलो होतो गे. पाकळी उजवी पडली, ताप गेलो. आता पाठव त्याका. एकदा येऊन गेलेलो आजार तो, अंगात पहारेकरी तयार आसतत."

त्या पहारेकऱ्यांचे डॉक्टरीणबाईंनी तिला समजावले होते. ह्या विषाणूच्या जाती चार. गेल्या वर्षीचे पहारेकरी यंदाच्या वेगळ्या जातीला धरतात, पण मारू शकत नाहीत. उलट चोराचा दंड धरून चौकीदारानेच त्याला घरात आणून सोडावे, तसे ते त्याला रक्तातल्या पेशीत पोचवतात, आणि आत त्याची पिल्लावळ वाढते. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंगी वाईट. ताप उतरल्यावर तर जास्तच जपा, पोट दुखले तर तडक आणा.

पद्मावतीने हे सांगितले. गुरुदास तिचाच चहा भुरकत हसला. "डॉक्टर पुस्तकातला सांगतत."

आतून गौरेश पखवाज घेऊन आला, तो एका हाताने पोट दाबून. "आई, दुखता जरासा. बसल्यार जायत."

पद्मावतीने पखवाज काढून घेतला आणि शेजारच्या साईशला गाडी काढायला हाक मारली.

"गुरुदासबाब, देवाक काय विचारलास?"

"ताप उतरतलो काय, म्हणून."

"उतरलो. देवान खरा सांगल्यान. माझो झील बरो झालो काय, ता विचारूचा तुमच्या मनात इला नाय. तुमका झील नको, पखवाज होयो."

"मगे पखवाजार कोण बसतलो?"

"तुमी बसा."

"माका खय येता?"

"ता गावाक म्हायत आसा."

म्हापशाच्या इस्पितळात लगेच सलाईन लागले. रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपू लागले होते. रात्रीपर्यंत थांबला असता तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. तिकडे सप्ताह नुसत्या टाळांवर पार पडला. देवाने तक्रार केली नाही.

गौरेश घरी आला तेव्हा गुरुदास देवळाच्या पायरीवर चारचौघांना सांगत होता, "उजवी पडलेली पाकळी. झील बरो झालो मां?"

पद्मावतीने देवळात जाऊन देवाला मनोभावे हात जोडले. मग गुरुदासच्या अंगाला पदर लागू नये म्हणून तो आवरून घेतला आणि पायऱ्या उतरली.