रामूच्या तिकिटावर

रामूने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाय ठेवला आणि आधी टोपी काढावी की आधी हात जोडावेत हे न सुचून दोन्ही एकदमच केलं. टोपी खाली पडली. ती उचलायला वाकताना त्याचा डावा पाय जरा लचकला, तशी मागच्या बाकावर बसलेल्या कमलने आजूबाजूला मान वळवून पाहिलं. आपल्या नवऱ्याचा पाय सगळ्यांनी बघावा असं तिला वाटत होतं. प्रतापगडावर पोलिसांची लाठी खाल्लेला पाय होता तो.

हायकोर्टाच्या त्या उंच दालनात करी रोडच्या चाळीतली वीसेक माणसं अंग चोरून बसली होती. गंगुबाईच्या एकुलत्या एका मुलाला, गुणाजीला, खालच्या कोर्टाने फाशीची शिक्षा दिली होती आणि आज त्याचं अपील होतं. गिरगावातल्या एका वाडीत आनंदीबाई नावाच्या, प्रभू ज्ञातीतल्या वृद्ध बाईंचा भर दुपारी खून झाला होता. दागिन्यांचा डबा गेला होता. आणि त्यांच्या कपाटामागे पोलिसांना गुणाजीचं गिरणीतलं बदली कामगाराचं कार्ड सापडलं होतं. दिवाळीआधी त्या घरात चुना मारायला गेलो होतो, तेव्हा पडलं असेल, असं गुणाजी म्हणाला. मग खुनाच्या दुपारी, तीस नोव्हेंबरला, तू होतास कुठे? घरी झोपलो होतो, म्हणाला. ते खोटं होतं आणि तासाभरात उघडं पडलं.

खरी गोष्ट अशी की त्या दिवशी गुणाजी गिरणीत रामूचे दोन माग चालवत होता. कार्ड हरवल्यापासून त्याला बदलीचं काम मिळत नव्हतं. रामूला पंतप्रधानांना काळं निशाण दाखवायला प्रतापगडावर जायचं होतं आणि रजा मिळत नव्हती. रामूने आपलं हजेरीचं तिकीट गुणाजीच्या हातात ठेवलं, जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघितलं आणि रजिस्टरात रामू हजर लागला. गिरणगावात असं रोज कुठे ना कुठे चालायचं. फक्त पकडलं गेलं की कायम कामगाराची नोकरी जायची. म्हणून गुणाजीने तोंड उघडलं नाही. आपण काही केलेलं नाही तर कोर्ट आपल्याला फाशी कशाला देईल, अशी त्या भाबड्याची समजूत होती.

फाशी ऐकल्यावर मात्र त्याने अच्युतराव विजयकरांना सगळं सांगितलं. हे त्याचे वकील, स्वतः गिरगावातले आणि मारल्या गेलेल्या बाईंच्याच ज्ञातीतले. हे अपील हाती घेतल्यापासून त्यांना ज्ञातीतल्या दोन लग्नांची आमंत्रणं आली नव्हती. ते एका रविवारी चाळीचे जिने चढून रामूच्या खोलीत आले, दिलेल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सरळच विचारलं. शेजारच्या खोलीतली गंगुबाई त्या दिवशीही उंबरा ओलांडून आली नाही.

"त्याका इचारूक मी जावचंय नाय," तिने कमलला नळावर आधीच सांगून टाकलं होतं. "माझो झील त्याच्यासाठी गप ऱ्हवलो. आता त्याचा त्यानं बगूचा."

रामूने अच्युतरावांना एकच प्रश्न केला.

"माझी नोकरी जाणार ना, साहेब?"

"जाणार."

"बरं. येतो मी."

कमलने मनात खोलीचं भाडं आणि वाण्याची उधारी मोजली. दोन पोरं होती. पण पोलिसांच्या लाठ्यांना न भ्यालेला माणूस नोकरीला काय भिणार, असं तिने स्वतःला समजावलं आणि तिची मान ताठ झाली. गडावरून परत आल्यावर चाळीच्या मंडळाने त्याला हार घातला होता, नारळ दिला होता. पुढे नाक्यावर त्याची गोष्ट इतक्यांदा झाली की दर वेळी गड थोडा उंच होत गेला आणि पोलीस थोडे वाढत गेले. कमलला ती तोंडपाठ होती. पांढऱ्या फेट्याच्या एका कोल्हापूरकराने पडलेल्या रामूला खांद्यावर घेतलं, तिथे तर दर वेळी तिचे डोळे भरून यायचे.

आता कोर्टात अच्युतरावांचे प्रश्न लवकर संपले. मग सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात टाइप केलेल्या कागदांची चळत होती. ते इंग्रजीत विचारत आणि दुभाषी मराठीत सांगे.

"प्रतापगडावर तुला अटक झाली?"

"नाही."

"तिथे जखमी झालेल्यांच्या या यादीत तुझं नाव का नाही?"

रामूने टोपीची घडी केली.

"तुला तिथे पाहिलेल्या एका माणसाचं नाव सांग. एकाच."

फेटेवाला, कमल मनात म्हणाली. सांगा ना, फेटेवाला. रामू कठड्यावर बोटं घासत राहिला. चाळीतून तो एकटाच गेला होता, त्यामुळे मागून उठून हो म्हणायलाही कोणी नव्हतं. सरकारी वकील न्यायमूर्तींकडे वळले. याला गडावर कोणी पाहिलेलं नाही, ते म्हणाले. गिरणीचं रजिस्टर सांगतं की हा आपल्या मागावर होता, तर तो तिथेच होता. मित्राला फासावरून काढायला ही गोष्ट आज रचलेली आहे. दुभाष्याने हेही मराठीत सांगितलं. गंगुबाईने ताठ बसल्या बसल्या पदराचं टोक मुठीत आवळलं.

"मला गडावर कोणी बघितलं नाही, साहेब," रामू म्हणाला. "मी गडावर गेलोच नाही."

दुभाषी थांबला. अच्युतरावांनी पेन खाली ठेवलं.

"मग कुठे होतास?"

"पहाटे नागोठण्याच्या अलीकडे पोलिसांनी ट्रक अडवला. बाकीचे घोषणा देत खाली उतरले. मार खाल्ला त्यांनी, पण गेले पुढे."

"आणि तू?"

"मी भियालंय, सायब," रामू म्हणाला. घरातली बोली तोंडात आल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. "मागच्या बाजूने उडी मारली आणि शेतातून पळालो. त्यात पाय मुरगळला. दिवसभर नागोठण्याच्या सरकारी दवाखान्यात पडून होतो."

त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडीचा कागद काढून पुढे केला. दवाखान्याची चिठ्ठी होती. नाव, गाव, पायाला पट्टी, तीस नोव्हेंबर आणि डॉक्टरांची सही. न्यायमूर्तींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मराठीतच विचारलं,

"हे तू आधी कोणालाच का नाही सांगितलंस?"

"गळ्यात हार घातला होता ना, साहेब. मग कसं सांगू?"

चाळीच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं. कमलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढे महिने हा माणूस खोटं बोलला, आपल्याशीसुद्धा, आणि आपण नळावर, दळणाच्या रांगेत त्याचा गड मिरवत राहिलो! तिला उठून निघून जावंसं वाटलं. मग तिची नजर न्यायमूर्तींच्या हातातल्या त्या कागदावर गेली. इतके दिवस लपवलेली ही चिठ्ठी आज सकाळी त्याने आपल्या हाताने खिशात घातली होती. वकिलांना ती ठाऊक नव्हती. गंगुबाई मागायला आली नव्हती. चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी राहिली असती तर नोकरी गेली तरी हार राहिला असता, आणि गुणाजी गेला असता. कमलने पदराने तोंड पुसलं. ती उठली नाही. उलट पुढे सरकून बसली, चांगलं दिसावं म्हणून.

पुढचं भराभर झालं. अच्युतरावांनी एकच मुद्दा मांडला: त्या दिवशी रामूच्या दोन्ही मागांवर कापड निघाल्याची गिरणीत नोंद आहे आणि रामू नागोठण्यात होता, तर माग चालवले कोणी? रामू हजर होता असं सकाळी रजिस्टरावर हात ठेवून छातीठोक बोललेल्या जॉबरला परत बोलावलं. तो आधी अडखळला, मग घामाघूम झाला आणि शेवटी गुणाजीचं नाव बोलून गेला. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी वकील स्वतःच उठून म्हणाले की या शिक्षेचं समर्थन मला करता येत नाही. न्यायमूर्ती इंग्रजीत थोडंसं बोलले. गंगुबाईला त्यातलं काही कळलं नाही. अच्युतरावांनी मागे वळून सुटला म्हणून मान हलवली तेव्हा कळलं आणि ती बसल्या जागीच हुंदके देऊ लागली.

बाहेर व्हरांड्यात सगळी चाळ गंगुबाईभोवती जमली. रामू लांब एका खांबाशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्याकडे कोणी गेलं नाही. मंडळातला एक जण मात्र रामूला ऐकू जाईल असं दुसऱ्याला म्हणाला, "काय रे, नागोठण्याचा गड बघितलास का?" आणि चारपाच जण हसले.

एवढ्यात दालनातून राजलक्ष्मीबाई बाहेर आल्या. त्या खून झालेल्या आनंदीबाईंच्या सूनबाई. पहिल्या सुनावणीपासून त्या पुढच्या बाकावर बसत आल्या होत्या आणि गुणाजीला फाशी व्हावी अशीच त्यांची इच्छा होती. चाळीची माणसं बाजूला सरली. त्या नेमक्या, खांबाकडे बघत उभ्या असलेल्या कमलसमोर थांबल्या.

"आज चुकीचा माणूस गेला असता," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "आत ती चिठ्ठी काढून दिली, ते तुमचे कोण?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव सांगायची वेळ आली की कमल पोराला पुढे करायची. आता तिने मंडळाच्या हसणाऱ्या पोरांकडे एकदा नीट पाहिलं.

"रामू भिवा घाडी," ती म्हणाली, सबंध व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माझे मालक आहेत ते."

हसू थांबलं. खांबाशी उभ्या असलेल्या रामूने वर पाहिलं आणि मग घाईघाईने टोपी डोक्यावर चढवली.