उभ्यानं घेतलेलं माप

कुंभकोणमच्या विशालाक्षीला देवानं जीभ दिली ती प्रश्न विचारायलाच. तीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई. शिवण कुणाचीही असो, उलटून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली. नव्या डॉक्टरीणबाई नित्या म्हणाल्या, "गाठ काढू, स्तन राखू, आकारही सावरू." विशालाक्षीच्या मनात लगेच प्रश्न आला: कसा?

गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. सगळंच काढायचं की राखायचं?

घरी पापनाशमहून आलेली नणंद, अलमेलूअक्का, ठाण मांडून बसली होती. बारा वर्षांपूर्वी अक्काचा उजवा स्तन पुरता काढला होता. तिच्या ब्लाउजच्या आत बसणारी मोहरीची पिशवी विशालाक्षीच शिवून देई. कापूस हलका, वर सरकतो. मोहरी वजनाला बरोबर बसते, हे त्या दोघींनीच शोधून काढलं होतं.

"सगळं काढून टाक ग," अक्का त्यांच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली. "राखायच्या हौसेपायीं जीव घालवशील. मजला बघ, बारा वर्षं जाहलीं, ठणठणीत आहें."

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यात अक्काचं काय चुकलं? मरायची भीती विशालाक्षीलाही होतीच. पण न समजलेल्या गोष्टीला हो म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि नाही म्हणणंही.

बुधवारी सकाळी ती दवाखान्यात गेली ती अस्तराचं कापड, कात्री, खडू आणि एक सुपारी घेऊन. टेबलावर कापड पसरून तिनं मधोमध सुपारी ठेवली आणि तमिळमध्ये म्हणाली, "दाखवा, डॉक्टरम्मा."

नित्यांना हसू आलं, पण त्यांनी खडू घेतला. सुपारीभोवती थोडा मोठा गोल आखला. "भोवतालचं थोडं चांगलंही घ्यायचं आणि कडा तपासायला पाठवायच्या. कडेला रोग सापडला तर पुन्हा ऑपरेशन."

"इस्त्रीनं जळलेलं कापड असंच कापतात. पण भोक राहिलं त्याचं काय?"

"शेजारचंच मांस सरकवून भरते." नित्यांनी कापडाला, ब्लाउजला छातीशी चुणी घालतात तशी, टक घालून दाखवली. ती वाकडी झाली. विशालाक्षीला राहवेना, तिनं कापड ओढून घेतलं आणि सरळ टक घातली.

"आणि जीव?"

"तुमच्यासारख्या लहान गाठीत दोन्ही वाटांनी जगायची शक्यता सारखीच. मात्र नंतर काही आठवडे तंजावरला जाऊन किरणं घ्यायची. ती चुकवायची नाहीत."

विशालाक्षीनं कात्री पिशवीत टाकली, पण उठली नाही. "एक राहिलं. बाई आडवी झाली की छाती बगलेकडे जाते. आडव्या बाईचं माप घेणारा शिंपी मी तरी पाहिला नाही. तुम्ही तर आडवं पाडूनच कापणार!"

"म्हणून खुणा आधी करते," नित्या म्हणाल्या. "तुम्हाला उभं करून."

"मग करा," विशालाक्षी म्हणाली.

ऑपरेशन झालं, कडा स्वच्छ निघाल्या. किरणंही संपली तेव्हा अक्का पुन्हा आली आणि दार लावून म्हणाली, "दाखव." विशालाक्षीनं दाखवलं. एक फिकट व्रण होता, आकार जरासा लहान झाला होता. आधी उभं करून खुणा कशा केल्या, तेही तिनं अक्काला सांगितलं. मग अक्कानं आपली पिशवी काढून पुढे केली.

"मोहरी जुनी जाहली. बदलून दे."

विशालाक्षी शिवण उसवू लागली आणि तिचा हात थांबला. साऱ्या गावाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या बाईनं बारा वर्षं या पिशव्या शिवल्या आणि एक प्रश्न विचारला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"अक्का, तेव्हां तुजला काय पाहिजे होतं?"

"कोण्ही विचारलंच नाहीं ग." अक्का सांडलेले मोहरीचे दाणे एकेक वेचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "ती तुझी डॉक्टरीण... बारा वर्षांनीं आलेलीलाही उभी करून मापते काय?"