बुकातला आपरेटर

१९८१ साल. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वडगावातनं सायकलीवर कॉलेजला जायची. आप्पा पावरलूमवर आपरेटर. त्यांनी बजावलंतं, "राजाक्का, एका दमात पास झालीस तर धारवाडला एम.एस्सी. न्हायतर येळ्ळूरचं स्थळ. मग रडायचं न्हाय."

नोट्समध्ये जनुकांचा एक धडा हुता. पेशीत एक प्रथिन असतं, ते ऑपरेटरवर जाऊन बसलं की जनुकाची नक्कल निघायची बंद. दुधातली साखर आली की प्रथिन सुटतं, नक्कल सुरू. सगळं घोकलं, पण ऑपरेटर म्हंजे काय ते कुठं लिहिलंच नव्हतं. वडगावच्या पोरीला ते कशाला लिहून पायजे? तरी आप्पांना विचारलं. झालं! माणूस हरखूनच गेला. "आरं तिच्या मारी, आमचं नाव बुकात आलंय व्हय? लिव्हून घे, आपरेटर हाय म्हणून मशीन हाय. त्यो आडवा पडला की सगळं ठप्प." दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर अख्ख्या गल्लीला सांगून आले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आलते. त्यांनी विचारलं, "ऑपरेटर बिघडला तर?"

मी ठासून सांगितलं, "काम बंद पडतं, सर."

"का?"

"चालवणाराच नसला तर चालंल कसं?"

सर हसले. मला वाटलं, खूश झाले. फुटकं माझं नशीब! मागनं कळलं, ऑपरेटर म्हंजे माणूस नव्हंच, जनुकाला लागून असलेली जागा ती. ती बिघडली तर प्रथिनाला बसायलाच येत न्हाय, मग काम कधी थांबतच न्हाय. मी नेमकं उलटं सांगितलंतं. तोंडीत वेगळं पास व्हावं लागायचं, आणि मी तीन मार्कांनी उडाले.

निकाल ऐकून आप्पा समोर येऊन बसले. "काय नडलं? खरं सांग. अवघड विचारलं असंल तर आणि एकदा परीक्षेला बस, येळ्ळूरकरांना मी थांबवतो. पण अभ्यासच केला नसशील तर माझ्याजवळ कायबी मागू नगंस."

राग असा आलता म्हणता! ओरडून सांगावं वाटलं, तुमच्यामुळं गेलं आप्पा, जावा, टपरीवर आता हे बी सांगून या! तोंड उघडलं बी. तेवढ्यात ते जरा पुढं सरकले आणि हळूच म्हणाले, "आपला प्रश्न आलता काय गं?"

तोंडावर आलेलं मी तसंच गिळलं.

"आलता की. त्योच तेवढा बरोबर आला. बाकीचा अभ्यास केला नव्हता मी."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले, आणि येळ्ळूरला जायला त्यांनी माझीच सायकल काढली.