पाठमोरी बाई

लालासाहेब काटकर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मग अकरा वर्षं एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी राहिले आणि बासष्टाव्या वर्षी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी कायमचे बसले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत लावले. दोन दिवस मीठ सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं, भामाबाईंनी, त्यांना मागच्या गल्लीतल्या चित्रकलेच्या वर्गात घातलं.

वर्ग फिरदोस मुल्ला नावाची तरुण बाई चालवायची. तिचा नियम एकच होता. तैलरंग शिकायचे तर आधी एक जुनं चित्र जसंच्या तसं उतरवायचं, स्वतःचं डोकं नंतर चालवायचं. लालासाहेबांना हे एकदम पटलं. त्यांच्या वाट्याला एका परदेशी चित्राची छापील प्रत आली: एक खोली, डावीकडे खिडकी, भिंतीवर उन्हाचा पट्टा, मेजावर तांब्याचं भांडं आणि मेजापाशी काळ्या झग्यातली पाठमोरी बाई.

त्यांनी कॅनव्हासवर चौकटी आखल्या आणि दिवसाला एक याप्रमाणे काम सुरू केलं. भिंत राखाडी होती. फिरदोसनं त्या राखाडीत निळा, पिवळा आणि किंचित तांबडा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून खात्री केली आणि मान्य केलं. चार महिन्यांत भिंत, खिडकी, भांडं झालं. बाई मात्र जमेना. छापील प्रतीत तिचा झगा म्हणजे नुसता काळा गोळा होता. कापडाच्या आत माणूस कसा उभा असतो ते घरी कुणाकडे तरी बघा, असं फिरदोसनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. भामाबाई भाकरी थापत होत्या. काय बघताय, असं त्यांनी एकदा विचारलं. पाठ, असं उत्तर आल्यावर पुन्हा विचारलं नाही.

तीन दिवस रेखाटून पाठ सरळ येईना. मग लालासाहेबांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि डोळ्यासमोर धरला. उजवा खांदा दोन बोटं खाली होता. सगळा भार उजव्या पायावर होता.

"तू वाकडी उभी राहतीस," ते म्हणाले.

"डावा गुडघा दुखतोय."

"कवापासनं?"

"झाली की चार वर्सं."

"बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी ब्रश उचलला नाही. स्टुलावर मात्र भामाबाईंना बसवलं आणि राहिलेल्या भाकऱ्या स्वतः भाजल्या. त्या करपल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे बघून गुडघा बदलायला सांगितलं.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी बाई रंगवून टाकली. फिरदोसनं पट्टी लावून बघितली आणि म्हणाली, "काका, मूळ चित्रातली बाई सरळ उभी आहे."

"मॅडम, सरळ बाई मला आता जमायची नाही."

रंग सुकायला चित्र घरी हॉलमध्ये टेकवून ठेवलं. दवाखान्यातून आल्यावर भामाबाई वॉकर धरून रोज त्याच्यासमोरून फेऱ्या मारायच्या. पाचव्या दिवशी त्या थांबल्या.

"आवं, ह्या बाईला बसाया काय न्हाई व्हय?"

लालासाहेबांनी छापील प्रत काढून तपासली. खुर्ची नव्हती. तसं त्यांनी सांगितलं.

"मग तुमी काढा की एक."

हा प्रश्न त्यांनी फिरदोसकडे नेला. मूळ चित्रात नाही ते घालता येत नाही, असं ती म्हणाली. मग त्या वाकड्या बाईकडे पुन्हा एकदा बघून म्हणाली, की उजेड डावीकडून येतो, तेव्हा खुर्चीची सावली उजवीकडे पडेल.

खुर्चीला तीन आठवडे लागले. मागचा पाय दोनदा पुसावा लागला. वर्गाच्या प्रदर्शनात चित्राखाली फिरदोसनं चिठ्ठी लावली: 'जुन्या चित्रावरून नक्कल.' आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात: 'खुर्ची – लालासाहेब काटकर.'