तलावाची खोल बाजू

“पाणी नाही म्हणजे? कधीच नाही?” बाईंनी विचारलं.

पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या आर्किटेक्टने मान खाली घातली. समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळया गंजल्या होत्या. पाण्याचा भार भिंतींना पेलणार नाही, असं त्याने हळू आवाजात समजावलं. वास्तू मात्र वारसा म्हणून जपली जाणार होती. शिंपल्यासारखं उघडलेलं पातळ छप्पर, वळत गेलेला कठडा, एका खांबावर तोललेला उडीचा मनोरा, सगळं पुन्हा पांढरंशुभ्र झालं होतं. बाईंनी इथे अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं होतं, म्हणून उद्‌घाटनाचा मान त्यांना.

जमिनीवर बाईंचे गुडघे ऐकत नसत. पाण्यात तरी ऐकतील, एकदा मनसोक्त तरंगून घेऊ, या आशेवर त्या पोहण्याचा पोशाख पिशवीत घालून आल्या होत्या.

“मला खाली उतरव,” त्या सोबत आलेल्या सुनेला म्हणाल्या.

दोघी हात धरून उथळ बाजूच्या पायऱ्या उतरल्या. तो तळ बाईंनी कोरडा कधी पाहिलाच नव्हता. निळ्या फरशीचा उतार पाय आपसूक ओळखत गेले. दोन्हीकडच्या भिंती उंच होत गेल्या. वर जमलेल्या पाहुण्यांची कुजबुज दूर गेली, कान पाण्याखाली जावेत तशी. खोल बाजूला पोचल्यावर बाई सावकाश बसल्या आणि उताण्या झाल्या.

“आई, काय होतंय?”

“काही नाही गं. तरंगतेय.”

समुद्रावरून आलेला उजेड छपराच्या पोटावर संथ हलत होता. सून थोडा वेळ वर बघत राहिली. मग चपला काढून बाजूला बसली.

“सगळ्या जगाला शिकवलंत,” ती म्हणाली, “मला तेवढं राहिलं.”

बाईंना हसू आलं, आणि लगेच विरलं. “दिव्याखाली अंधार,” त्या म्हणाल्या. “तू घर धरून बसलीस, म्हणून मी इथे दिवसभर पाण्यात राहू शकले.”

हे त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. मग बाई उठून बसल्या आणि त्यांनी सुनेला आडवं व्हायला सांगितलं. तिच्या मानेखाली हात घातला. मान ताठ होती, नवख्यांची असते तशी.

“डोळे मीट. मान सोड. पाण्याशी भांडायचं नाही.”

“आई, हात काढू नका हं.”

“नाही काढत.”

वर कठड्याशी पाहुणे खोळंबले होते. आर्किटेक्टने त्यांना हातानेच थांबवलं. सुनेचा श्वास लांबत गेला. तिचे पिकू लागलेले केस निळ्या फरशीवर पसरले. पाण्यात असा भार हातावरून नाहीसा होत असे. इथे तो हळूहळू उतरत पुरता तळहातावर आला, आणि बाई तो धरून बसून राहिल्या.