शेताची हजामत

आमचे हे न्हावी. दुकान यांचं, शेत माझं. सासूबाईंनी जाताना तो एवढासा तुकडा माझ्या हाती दिला, कारण लेकाला कात्रीशिवाय काही धरता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घराचा वर्षभराचा मका तिथूनच येतो. विकायला नाही, खायला.

अलीकडे ऊन डोकं फिरल्यासारखं पडतं आणि पाऊस मनाला येईल तेव्हा येतो. म्हणून मी मक्याच्या ओळींमधून शेवग्याची आणि भरपूर पाला देणाऱ्या गिरिपुष्पाची झाडं लावली. गळलेल्या पाल्याखाली जमीन ओली राहते, विरळ सावलीत मका तग धरतो, वर शेंगा मिळतात त्या वेगळ्याच. छाटायचं ते ढग दाटून आल्यावर, पिकाला उजेड हवा असतो तेव्हा. सगळं गाव होरपळलं त्या वर्षीही आमची कणगी भरली होती.

पण दुकानातली गिऱ्हाइकं मोठी रसिक. गावाची डोकी साफ करता आणि स्वतःच्या शेताच्या जटा वाढवता, असं कुणीतरी खुर्चीत बसून म्हणालं. झालं. मी आजारी आईकडे गेले होते, तेवढ्यात यांच्यातला कलाकार जागा झाला.

परत आले तर पावसाने दडी मारलेली, आणि भर उन्हात एकेका झाडाचा गोल कट केलेला. बुंधे कानामागे मशीन फिरवल्यासारखे स्वच्छ. खालचा पाला दुकान झाडतात तसा झाडून, ढीग करून पेटवून दिलेला.

"बघ, शेत आता कसं माणसात आल्यासारखं दिसतंय," हे म्हणाले. नुसता आरसा दाखवायचा बाकी होता. मी चिडले, रडले, मग तेही थांबवलं, कारण छाटलेला पाला काही परत चिकटवता येत नाही.

मक्याला नेमका तेव्हाच तुरा आला होता. तो भाजून निघाला. कणसं धरली ती दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी, कणगी अर्धीही भरली नाही. गिऱ्हाइकांनी मात्र मनापासून हळहळ व्यक्त केली, अगदी फुकट.

तेव्हापासून जेवायला बसलं की यांना भूक नसते. पातेलं पुसून खाणारा माणूस अचानक पथ्याचा झाला. आपलं ताट मुलांकडे सरकवतात, दुकानात काहीतरी खाल्लं म्हणतात. दुकानात खायला असतं काय, साबण? राग माझा अजून गेलेला नाही. पण यांची मनगटं बारीक झालेली दिसतात, आणि मला ते बघवत नाही.

काल मी ते ताट पुन्हा यांच्यापुढे ठेवलं.

"झाडांना पालवी फुटेल परत," मी म्हणाले. "तुम्हाला नाही फुटणार. जेवा."