मला कुलूप नाही

मी एक खेळ बोलतोय. मैदानावरचा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. माझं नाव 'कुंडी'. जन्म बऱ्हाणपूरचा. आणि मला कुलूप नाही. हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यात जे काही झालं ते ह्या एका गोष्टीवरून झालं.

हल्ली तुम्ही पैसे मोजून एखादा खेळ घेता, तरी तो पुरता तुमचा होत नाही. तुम्ही तो सुरू केलात की तो आधी इंटरनेटवरून आपल्या कंपनीला विचारतो, 'हे आपलंच गिऱ्हाईक ना? खेळू देऊ का ह्याला?' तिकडून होकार आला तर उघडतो. नेट नसलं, कंपनी बुडाली किंवा तिचा विचार बदलला, की तोच खेळ तुमच्या घरात बसून तुमच्याकडेच पाठ फिरवतो. ह्यालाच मी कुलूप म्हणतो. मी तसा नाही. एकदा मला घेतलंत की मी तुमचा. मग मला बनवणारे असोत किंवा नसोत.

मला बनवलं दोघांनी. हिमानी कोड लिहिते, निरंजन चित्रं काढतो. दोघं कॉलेजात बरोबर होती. निरंजन इंदूरला जाहिरातींच्या कंपनीत होता, हिमानीनं हाक मारली तशी चांगली नोकरी सोडून परत आला. सिंधीपुऱ्यात हिमानीच्या घरी वरच्या खोलीत दोन टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि खालून येणारा चहा, एवढ्यावर मी वाढलो.

चहा पाठवायच्या त्या हिमानीच्या आई, अलकाबाई. खकनारच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. मला कुलूप का नाही, ते त्यांच्यामुळे.

माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. अलकाबाईंचा पाय मोडला आणि त्या पलंगाला खिळल्या. मन रमावं म्हणून हिमानीनं त्यांना लॅपटॉपवर एक खेळ विकत घेऊन दिला, बागेचा. जमीन साफ करायची, झाडं लावायची, पाणी द्यायचं. सुरुवातीला त्यांना माऊस धरता येईना. मग असं वेड लागलं की जेवायला चारदा हाका माराव्या लागायच्या. एकेका झाडाला त्यांनी आपल्या शाळेतल्या पोरांची नावं दिली. चुडामण नावाचं एक लिंबाचं झाड होतं, ते काही केल्या सरळ वाढायचं नाही. पाय बरा झाला, पण बाग सुटली नाही. दुपारचं जेवण आटोपलं की त्या बागेत.

मग एक दिवस पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, आणि थोड्या दिवसांनी बाग उघडेनाशी झाली.

"हिमानी, अगं बघ ना, उघडत नाहीये हे."

"आई, त्यांनी बंद केला तो खेळ."

"बंद केला म्हणजे? आपण विकत घेतला होता ना?"

"घेतला होता."

"मग माझा आहे ना तो?"

अलकाबाईंनी लॅपटॉप मिटला आणि भाजी निवडायला घेतली. हिमानी दुसरा खेळ आणून देते म्हणाली, तेव्हा एवढंच बोलल्या, "नको बाई. तोही त्यांचाच असंल."

त्यानंतर हिमानीनं माझी पहिली ओळ लिहिली.

आता माझ्याबद्दल. आमच्या गावाला डोंगराचं पाणी जमिनीखालून आणणारा जुना बोगदा आहे, आणि त्याच्यावर ओळीनं विहिरींसारख्या कुंड्या. माझ्यात तुम्ही त्या बोगद्यात उतरता. हातात दिवा, पायात पाणी. पाणी कुठं अडलंय ते शोधत पुढं जायचं. एखादी कुंडी आली की वरून उजेड पडतो आणि कोणीतरी ओरडतं, "कोन हाय रे खाले?" तो आवाज अलकाबाईंचा. बाकीचे आवाज गल्लीतल्या लोकांचे. पाण्याचा आवाज मात्र खरा, निरंजन स्वतः खाली उतरून घेऊन आला. आल्यावर आठवडाभर शिंकत होता.

मी जवळजवळ तयार झालो तेव्हा पुण्याच्या एका कंपनीतून प्रशांत नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना मी आवडलो होतो. ते मला देशभर पोचवणार होते, जाहिरात करणार होते. निरंजनचा चेहरा असा खुलला की मीही हुरळलो. मग ते म्हणाले, "फक्त एक. आमचं कुलूप लावावं लागेल. सगळ्याच खेळांना लावतो आम्ही."

हिमानीनं विचारलं, "उद्या तुमची कंपनी बंद पडली तर? ज्यांनी घेतला त्यांनी काय करायचं?"

प्रशांत हसले. वाईट माणूस नव्हते ते. "मॅडम, तोवर लोक विसरलेले असतात हो."

"माझी आई नाही विसरली," हिमानी म्हणाली आणि तिनं नाही सांगितलं.

फोन ठेवल्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. निरंजन म्हणाला, "तत्त्व तुझं आणि उपास माझा. नोकरी मी सोडून आलोय. लोक फुकटात उचलतील याला, एक जण विकत घेणार नाही."

"घेतील. आवडलं तर घेतील."

"कोन घेईल? आपल्याकडं? तू किस दुनिया में रहती है, हिमानी?"

मी आत बसून ऐकत होतो. खरं सांगतो, मला निरंजनची भीती खोटी वाटली नाही. खेळ बनवणाऱ्याच्या घरीही चूल पेटावी लागते. पण मी हिमानीच्या बाजूचा होतो. ज्या घरात जायचं, त्या घरात पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं राहायचं, असं मला वाटे. शेवटी निरंजन म्हणाला, "ठीक आहे. पण पहिली चोरी झाली की मी बोलणार आणि तू ऐकणार." हिमानीनं कबूल केलं.

मी बिनकुलपाचा बाजारात आलो. पहिले काही दिवस काय सांगू! नाशिकहून, नागपूरहून, कुठून कुठून लोकांनी मला घेतलं. कोणी लिहिलं, आमच्या आजोळची बोली खेळात पहिल्यांदा ऐकली. निरंजन प्रत्येक निरोप मोठ्यानं वाचून दाखवायचा.

आणि मग चोरी झाली. इंटरनेटवर मी फुकट मिळू लागलो. त्याहून जिव्हारी लागलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या देडतलाईचं. निरंजनच्या चुलतभावानं कळवलं की तिथल्या बाजारात एक मोबाइलवाला मला पेन ड्राइव्हमध्ये भरून देतोय, गाण्यांच्या आणि पिक्चरच्या बरोबरीनं.

दोघं स्कूटीवरून केळीच्या बागा मागं टाकत देडतलाईला गेली. हिमानीच्या पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये मीही होतो. दुकान योगेंद्र नावाच्या माणसाचं. बाजाराचा दिवस होता. दुकानाच्या कॉम्प्युटरपुढं गर्दी, आणि पडद्यावर मी! सोजरबाई नावाची एक म्हातारी भाजीची टोपली बाजूला ठेवून खेळणाऱ्याला दटावत होती, "आरे डावीकडं पाय, डावीकडं! पानी तिकडं जाऊन राह्यलं ना!"

निरंजन दुकानात शिरला तो ओरडतच. "हा गेम आम्ही बनवलाय. ही चोरी आहे, चोरी!"

योगेंद्र घाबरला नाही. आधी त्याचा विश्वासच बसेना. मग उभा राहिला आणि खुर्ची पुढं केली. "आपने बनाया? हे इथलंच आहे? बसा भैया, बसा."

"बसायला नाही आलो."

"चोरी है, मानता हूँ," योगेंद्र म्हणाला. "पर भैया, विकत घ्यायचा कुठून? तुमची वेबसाइट कार्ड मागते, इंग्लिश में फॉर्म भरवाती है. हे लोक कुठून आणतील? मला सांगा, मी विकतो. मला कोणी सांगितलंच नाही."

हिमानी दुकानातल्या माणसांकडं बघत होती. तिनं तिथंच किंमत कमी केली, आपला क्यूआर कोड त्याला दिला आणि म्हणाली, "भरून द्या. पण आधी हा दाखवा." योगेंद्रनं तो काचेवर चिकटवला. त्या दुपारी काहींनी पैसे दिले. काहींनी हसून मान फिरवली आणि तसेच गेले. सोजरबाईनं विचारलं, "घरी टीव्हीवर लागंल का हा?" नाही म्हटल्यावर ती हिरमुसली.

घरी आल्यावर निरंजन म्हणाला, "आता माझं ऐक. कुलूप लावू दे." हिमानीनं शब्द दिला होता. ती म्हणाली, "लाव."

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट काळ तो. बाहेरून विकत आणलेलं कुलूप माझ्यात बसवलं गेलं. कोणी मला उघडलं की माझ्या आधी तेच बोलायचं. ज्यांनी मला आधी घेतलं होतं त्यांच्याही घरात, माझी नवी आवृत्ती म्हणून, ते गुपचूप शिरलं. आणि चोरांचं काय झालं? काहीच नाही. दोन दिवसांत कोणीतरी कुलूप काढून टाकलं आणि मी पुन्हा फुकट फिरू लागलो, पूर्वीपेक्षा सुखात. कुलूप उरलं ते फक्त पैसे देणाऱ्यांच्या वाट्याला.

रश्मी नावाची एक परिचारिका सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्रात होती. तिथं नेट पोचत नाही; सुट्टीला गावी आली असताना माझी नवी आवृत्ती आपोआप तिच्या लॅपटॉपवर उतरली, आणि केंद्रावर परतल्यावर मी उघडेना. ती पुन्हा गावी आली तेव्हा तिनं लिहिलं, 'मी हा खेळ विकत घेतला. ड्यूटी संपली की तेवढाच विरंगुळा होता. तुम्ही तो बंद केलात. ज्यांनी चोरला ते खेळतायत. मला शिक्षा कशाबद्दल?'

त्याच आठवड्यात वादळानं तारा तुटल्या. इन्व्हर्टर होता, नेट नव्हतं. अलकाबाईंच्या मैत्रीण वंदनाताई आल्या होत्या. त्यांना आपला आवाज ऐकवायचा म्हणून अलकाबाईंनी मोठ्या कौतुकानं मला उघडलं. आणि मी त्यांना म्हणालो, 'परवाना तपासता आला नाही.' मी म्हणालो! ते शब्द माझ्या तोंडून गेले!

वंदनाताई म्हणाल्या, "अलका, हा तुला ओळखत नाही गं."

अलकाबाई जिना चढून वर आल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "निरंजन, माझा आवाज आहे ना आत? की काढून टाकलास?"

"आहे काकू."

"मग मला दारात का उभं केलंस रे?"

त्या खाली गेल्यावर निरंजननं रश्मीचा निरोप पुन्हा उघडून वाचला. मग न विचारता त्यानं कुलूप काढायला घेतलं.

"हरलो मी," तो म्हणाला.

"आपण दोघं हरलो. चोर दोन्ही वेळेला जिंकला," हिमानी म्हणाली. "निदान ज्यानं विकत घेतला त्याला तरी जिंकू दे."

त्यांनी सगळ्यांना माफीचा निरोप पाठवला आणि मला मोकळं केलं. लोकांचा राग लगेच गेला नाही. काही जण परत आलेच नाहीत. मी काही कोणाला श्रीमंत केलं नाही. निरंजन आता सकाळी एका क्लासमध्ये चित्रकला शिकवतो आणि दुपारी माडीवर येतो. पण दोघांचं पोट भरतं, आणि माझ्या जिवावर एक नवा खेळ जन्माला येतोय. माझा धाकटा भाऊ. तो माझ्याहून फार मोठा आहे, देखणा आहे. त्याच्यावर दोघांनी सगळं पणाला लावलंय.

परवा पुण्याहून प्रशांत पुन्हा बोलले. नवा खेळ त्यांना हवा आहे. ह्या वेळी हिमानी काही बोलायच्या आत निरंजनच म्हणाला, "कुलूप लावणार नाही. अगदी पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा. चालत असेल तर पुढं बोलू."

"निरंजन, जुन्या छोट्या खेळाचं ठीक होतं. एवढा नवा खेळ उघडा टाकायचा? आमच्यात हे कोणी केलेलं नाही. आपटला ना, तर सगळे म्हणतील, बघा, म्हणूनच कुलूप लागतं."

"म्हणू देत. लावून पाहिलंय मी. माझ्याच माणसाला बाहेर ठेवलं होतं त्यानं."

प्रशांत म्हणाले, "वर विचारून सांगतो."

उत्तर अजून आलेलं नाही. धास्ती मला आहे, नाही म्हणत नाही. मी लहान होतो, कसाही तगलो. धाकटा बुडाला तर दोघं बुडतील, आणि प्रशांत म्हणाले तसंच होईल: त्याचं नाव घेऊन पुढच्या शंभर खेळांना कुलपं लागतील. म्हणून त्याच्यासाठी तुमच्याशी बोलतोय. हात जोडून नाही, डोळ्याला डोळा भिडवून.

वरच्या साहेबांनी हो म्हटलं तर उत्तम. नाही म्हटलं तर ही दोघं स्वतः विकतील, योगेंद्रच्या दुकानातून विकतील, पण उघडाच विकतील. तो आला की चोरता येईल तुम्हाला. अगदी सहज. कोणी अडवणार नाही, कोणाला कळणारही नाही. आम्ही ते जाणून आहोत आणि तरीही दार लावत नाही. तेव्हा विकत घ्या. आवडला नाही तर शिव्या द्या, तोंडावर द्या. पण घेतलात तर तो तुमचा, तुमच्या पोरांचा, आणि तो परत मागायला आमच्यातलं कोणीही, कधीही येणार नाही.